‘लोम’ लिहिलं म्हणजे मातीचं नाव कळलं असं नाही: माणच्या माळाविषयी एक उत्तर

प्रश्न आधी थोडक्यात सांगते. विचारणारे कोपरखैरण्याला राहतात. वडील वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी होते, मूळ गाव माण तालुक्यातलं. गावाकडे अकरा एकर माळ आहे. आजोबांच्या वेळेपासून पड, चुलत्यांची मेंढरं तिथं चरतात. आता डाळिंब लावायचं मनात आहे, म्हणून माती तपासून घेतली. अहवाल असा: वाळू ४१ टक्के, पोयटा ३६, चिकण २३, पोत ‘लोम’. सामू (पीएच) ८.२, क्षारता ०.२८, सेंद्रिय कर्ब ०.४२ टक्के, मुक्त चुनखडी ९.५ टक्के. खाली कुणीतरी पेनने ‘ॲरिडिसॉल’ असं लिहिलंय. विचारणं असं की लोम म्हणजे चांगलीच माती ना? ॲरिडिसॉल म्हणजे वाळवंटी का? आणि डाळिंब लावावं की कुरण तसंच राहू द्यावं? शिवाय मातीची एक पिशवी त्यांनी ठाण्यात माझ्या घरी आणून दिली, हे फार बरं केलं.

मी सव्वीस वर्षं मृद सर्वेक्षणात काढली, त्यातली निम्मी माण, खटाव, आटपाडी, सांगोला आणि जत या पट्ट्यात. त्यामुळे तुमचा माळ मी पाहिला नसला तरी त्याची भावंडं पुष्कळ पाहिली आहेत. या अहवालावरून तुमच्या मातीचं नाव ठरत नाही. लोम हे नाव नव्हे, ते पोताचं वर्णन आहे, आणि तेही वरच्या वीतभर मातीचं. माती खाली किती आहे, कशावर बसली आहे, पाणी कुठं अडतं, चुना कुठं साठलाय, यातलं काहीही त्या कागदावर नाही. सरकारी मृदा आरोग्य पत्रिकेवर बारा घटक असतात. त्यातही पोत नाही आणि खोली नाही. तुमच्या अहवालात निदान पोत तरी आहे.

पोत म्हणजे बारीक-जाड कणांचा हिशेब. २ मिलिमीटरपासून ०.०५ पर्यंतची वाळू, ०.०५ ते ०.००२ पर्यंतचा पोयटा, त्याहून बारीक ती चिकण. मराठीत इथं एक घोळ आहे. पुस्तकात मधल्या कणाला पोयटा म्हणतात आणि बोलताना सगळ्या लोम जमिनीलाच पोयट्याची जमीन म्हणतात. म्हणून मी मातीला लोम म्हणेन आणि पोयटा फक्त कणासाठी ठेवेन. लोम म्हणजे तिन्ही कण समसमान, असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं नाही. चिकण ७ ते २७ टक्के, पोयटा २८ ते ५०, वाळू ५२ पर्यंत, या चौकटीत बसली की ती लोम. चिकण कमी चालते, कारण तिचं बळच तेवढं असतं. आमटीतल्या मिठासारखं. तुमचे आकडे या चौकटीत बसतात. मात्र २३ हा चिकणीचा आकडा वाचून मी थबकले, कारण माळावरची बेसाल्टची माती हाताला इतकी हलकी सहसा लागत नाही.

म्हणून पिशवी उघडली. आधी वजन केलं: १२०० ग्रॅम. मग किचनमधली पिठाची नव्हे, रव्याची जाड चाळणी घेतली (घरच्यांनी बघितलं नाही) आणि ढेकळं लाटण्याने हलकी फोडून चाळलं. वर तीनशे ग्रॅम मुरमाचे खडे राहिले. म्हणजे वजनाने पाव हिस्सा दगड. प्रयोगशाळेत हाच भाग चाळून बाजूला काढतात आणि उरलेल्या मातीची टक्केवारी काढतात. त्यात चूक काही नाही, पद्धतच तशी आहे. पण ४१-३६-२३ ही बेरीज तुमच्या सगळ्या मातीची नाही, तिच्यातल्या पाऊण हिश्शाची आहे, हे कागद सांगत नाही.

मग मूठभर चाळलेली माती तळहातावर घेऊन थोडं थोडं पाणी घालत पुरणाच्या गोळ्याइतकी मळली. सुरुवातीला खरखरीत लागली. तीन-चार मिनिटं मळत राहिले तशी खरखर कमी झाली. हे बेसाल्टचं वैशिष्ट्य आहे. आपल्या दख्खनच्या खडकात स्फटिकाची, म्हणजे क्वार्ट्‌झची, वाळू नसते. इथली वाळू म्हणजे अर्धवट कुजलेल्या खडकाचे आणि चुन्याचे बारीक खडे. रगडले की त्यातले काही मोडतात आणि आतून चिकण निघते. गोळा अंगठा आणि तर्जनीमध्ये दाबून पट्टी काढली तर ती सुमारे चार सेंटिमीटर लांब होऊन तुटली. खऱ्या लोमची पट्टी अडीच सेंटिमीटरच्या आत तुटते. अडीच ते पाच म्हणजे चिकण-लोम.

खात्रीसाठी जॅमच्या दोन बाटल्या घेतल्या. दोन्हींत सारखीच माती आणि पाणी. एकीत चमचाभर कपड्यांची पावडर, दुसरीत काही नाही. दोन्ही खळखळून हलवल्या आणि गॅलरीच्या कठड्यावर ठेवल्या. साध्या पाण्याच्या बाटलीत अर्ध्या तासात वरचं पाणी नितळ. पावडरच्या बाटलीत दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाला आला तेव्हाही पाणी चहासारखं गढूळ. असं होतं कारण तुमच्या मातीत चुना भरपूर आहे. चुन्यातला कॅल्शियम चिकणीच्या कणांना एकमेकांना चिकटवून ठेवतो, त्यांचे पुंजके होतात आणि ते पुंजके पोयट्याच्या वेगाने, कधी वाळूच्या वेगाने तळाशी बसतात. पोत मोजायची हायड्रोमीटरची पद्धत याच वेगावर उभी आहे. ४० सेकंदांनी एक वाचन, २ तासांनी दुसरं, आणि त्या वेळी जे तरंगतं ते बारीक मानायचं. मोजण्याआधी सोडियम हेक्झामेटाफॉस्फेट घालून पुंजके नीट सोडवले नाहीत तर चिकण पोयट्याच्या खात्यात जमा होते. तुमच्या अहवालात हेच झालं असावं असा माझा कयास आहे. खरी चिकण २८-३२ टक्के निघाली तर मला नवल वाटणार नाही. मग ती लोम उरत नाही, चिकण-लोम होते.

याने फार बिघडतं का? खताच्या मात्रेत थोडं. वर्गीकरणात जवळजवळ काहीच नाही, ते पुढे येईलच.

खरा प्रश्न खोलीचा आहे, आणि त्याला खड्ड्याशिवाय इलाज नाही. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी आटपाडीच्या बाजूला एका माळावर मी गिरमिटाने भोकं पाडत होते. तीस सेंटिमीटरवर गिरमिट ठक्क करून थांबलं. दहा पावलं सरकले, पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच. मी वहीत लिहून टाकलं, ‘तीस सेंमीवर खडक’. मेंढरं घेऊन आलेले एक म्हातारबुवा काठीवर हनुवटी टेकवून बघत होते. त्यांनी काही न बोलता मला ओघळीच्या कडेला नेलं. तिथं पावसाने कापलेली उभी भिंत होती. वीतभर माती, मग हातभर तपकिरी माती, मग पांढरट थर, त्यात लिंबाएवढे चुन्याचे गोटे, आणि त्याखाली कमरेइतका मुरूम, ज्यात हिवराची मुळं सरळ उतरलेली. मला लागला होता तो खडक नव्हता, चुन्याचा गोटा होता. सळई अडली की खडक, असं नसतं. तो नकाशा नंतर मी दुरुस्त केला, पण त्या वर्षीच्या बाकीच्या भोकांवरचा माझा विश्वास उडाला तो उडालाच.

तर खड्डा. दीड मीटर लांब, एक मीटर रुंद, खोली मीटरभर किंवा जिथं टिकावाने ठिणगी उडेल तिथपर्यंत. बांधाजवळ नको, झाडाखाली नको, मेंढरांच्या वाटेवर तर अजिबात नको. उताराच्या मध्यावर एक आणि खाली ओढ्याच्या अंगाला एक, असे दोन. अकरा एकरांत एकच माती असेल हे गृहीत धरू नका. माळावर वरच्या टोकाला चार बोटं आणि तळाशी चार फूट, असा फरक मी एकाच गटात पाहिला आहे. ज्या भिंतीवर ऊन पडेल ती बाजू पहारीने नाही, चाकूने खरवडून ताजी करा. टेप लावून फोटो काढा. वरून खाली चाकूची टोकं मारत जा. हाताला जिथं वेगळं लागेल तिथं खूण करा. प्रत्येक थराची वेगळी पिशवी, आणि पिशवीवर ‘वरची’ किंवा ‘खालची’ असं न लिहिता किती ते किती सेंटिमीटर ते लिहा.

तुमच्याकडे साधारण काय दिसेल याचा अंदाज देते. वर दहा-पंधरा सेंटिमीटरची गवताच्या मुळांनी विणलेली, रवाळ माती. अगदी वरचा नखभर थर पापुद्र्यासारखा घट्ट असेल, कारण मेंढरांचे खूर आणि पावसाचा मार. त्याखाली ठोकळ्या-ठोकळ्यांनी मोडणारा तपकिरी थर, मुळं कमी. मग पांढरे धागे, ठिपके, गोटे. मग मुरूम. मधला तो तपकिरी थर फार महत्त्वाचा. खडकाची मूळ ठेवण मोडून जिथं मातीची स्वतःची घडण तयार झाली आहे, असा तो थर. तो निदान पंधरा सेंटिमीटर जाड असेल तर त्याला कॅम्बिक म्हणतात. वरच्या थरातून चिकण धुपून खाली साठली असेल तर तो वेगळाच, अर्जिलिक. त्याचं गणित सोपं आहे. वर २३ टक्के चिकण असेल तर खाली तिच्या १.२ पट, म्हणजे साडेसत्तावीसच्या वर, हवी. शिवाय ठोकळ्यांवर चिकणीचा चकाकता पातळ लेप दिसला पाहिजे. तुमच्याकडे एकाच थराची एकच पिशवी आहे. तिच्यावरून हे कसं ठरणार?

आता चुना. ठाण्याचा आणि माणचा खडक एकच, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा बेसाल्ट. येऊरच्या डोंगरातला दगड आणि तुमच्या माळावरचा दगड शेजारी ठेवले तर मलाही पटकन ओळखू येणार नाहीत. फरक पावसाचा. ठाण्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. तो खडकातला कॅल्शियम, मॅग्नेशियम विरघळवून खाडीत नेऊन घालतो, म्हणून इकडची वरकस जमीन तांबूस, सामू बहुतेकदा सातच्या खाली, आणि तिच्यावर लिंबू पिळलं तरी ती गप्प. (खाडीकाठच्या खार जमिनीची गोष्ट निराळी, ती समुद्राच्या मिठाची.) तुमच्याकडे महाबळेश्वरपासून शंभर किलोमीटरच्या आत पाऊस पाच हजारांवरून पाचशेच्या घरात येतो. एवढ्या पाण्यात चुना विरघळतो, थोडा उतरतो आणि जिथं पाणी संपतं तिथंच बसतो. हान्स जेनी यांनी १९३०च्या दशकात अमेरिकेच्या मैदानी गवताळ प्रदेशात हे मोजून दाखवलं. पाऊस जसजसा वाढतो तसतसा चुन्याचा थर खोल जातो. म्हणून चुन्याची खोली म्हणजे तुमच्या माळावर पाणी वर्षानुवर्षं सरासरी किती खाली पोचतं याची नोंद आहे. पर्जन्यमापकाची वही हरवली तरी ही हरवत नाही.

तुमच्या पिशवीतल्या मातीवर मी सौम्य ॲसिडचे दोन थेंब टाकले, सोड्यासारखी फसफसली. सामू ८.२ याच चुन्यामुळे. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडच्या संगतीत चुना पाण्याला सव्वाआठच्या आसपासच धरून ठेवतो. त्याने घाबरू नका आणि जिप्सम तर घालूच नका. साडेआठच्या वर गेला असता तर सोडियमचा, म्हणजे चोपणाचा, संशय घ्यावा लागला असता. क्षारता ०.२८ आहे, म्हणजे मीठ नाही. चुन्याचा खरा त्रास वेगळा: लोह आणि जस्त पिकाला मिळू देत नाही, स्फुरद बांधून ठेवतो. डाळिंबाची कोवळी पानं शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडली तर कारण हे.

सेंद्रिय कर्ब ०.४२ हा आपल्याकडच्या प्रचलित मोजपट्टीवर कमी, ०.५ च्या खाली. पण वर्षात आठ महिने कोरड्या राहणाऱ्या, रोज चरल्या जाणाऱ्या माळाला तो लाजिरवाणा नाही. इथं एक गैरसमज आहे आणि तो शिकलेल्या माणसांतही आहे: काळी म्हणजे कर्बाची, काळी म्हणजे सुपीक. तुमची ओली माती मी सकाळच्या उजेडात मुनसेलच्या रंगपुस्तकाशी लावून बघितली, १० वायआर ३/२ आली, म्हणजे फार गडद करडी-तपकिरी. दख्खनच्या मातीचा हा काळेपणा बराचसा खडकातल्या लोखंडी खनिजांचा आणि स्मेक्टाइट नावाच्या चिकणीत घट्ट गुंतलेल्या थोड्याशा कर्बाचा असतो. अमेरिकेच्या गवताळ मैदानात हाच रंग दिसला तर माती बहुधा मॉलिसॉल ठरते, तिथल्या शेतकऱ्याचं सोनं. मॉलिसॉलच्या वरच्या थराला रंग गडद लागतो, क्षारक धनायनांची, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमसारख्यांची, संपृक्तता ५० टक्के लागते आणि कर्ब किमान ०.६ टक्के लागतो. तुमची माती रंगात पास, संपृक्ततेत आरामात पास, कर्बात नापास. अठरा शतांशांनी.

आता ते पेनने लिहिलेलं ॲरिडिसॉल. ज्याने लिहिलं त्याने बहुधा ‘अर्धशुष्क प्रदेश म्हणजे ॲरिड, म्हणजे ॲरिडिसॉल’ असा जोड लावला. असं करायचं नसतं. अमेरिकी कृषी खात्याच्या वर्गीकरणात, जे आपल्याकडे नागपूरचं राष्ट्रीय मृद सर्वेक्षण केंद्रही वापरतं, मातीचे बारा गण आहेत. ॲरिडिसॉलमध्ये जायला मातीचा ओलावा ‘ॲरिडिक’ हवा, म्हणजे उबदार दिवसांत सलग नव्वद दिवससुद्धा ती ओली राहत नाही. आपल्या देशात ती मुख्यतः पश्चिम राजस्थानात आणि कच्छकडे. माणसारख्या पट्ट्यात आषाढाच्या सरी, मग खंड, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरचा परतीचा पाऊस मिळून माती बहुतेक वर्षी ओल धरते आणि मग बराच काळ कोरडी राहते. याला ‘उस्टिक’ म्हणतात. काही ठिकाणी तो ॲरिडिककडे झुकलेला असतो हे खरं, पण झुकणं वेगळं आणि पलीकडे जाणं वेगळं. तुमच्या मातीत वाळवंटाचं काही नाही.

मग नाव काय? खड्डा पाहिल्याशिवाय मी एकच नाव लिहून देणार नाही, पण पैज लावायची तर टिपिक हॅप्लुस्टेप्टवर लावेन. हा शब्द समासासारखा शेवटाकडून सोडवायचा. ‘एप्ट’ म्हणजे इन्सेप्टिसॉल गण: माती घडायला लागली आहे, पण अजून पक्की घडलेली नाही. ‘उस्ट’ म्हणजे तो उस्टिक ओलावा. लॅटिनमध्ये मूळ अर्थ भाजलेला, आणि एप्रिलमध्ये माळावर अनवाणी चालून बघा, शब्द पटेल. ‘हॅप्ल’ म्हणजे साधा, खास काही नाही. ‘टिपिक’ म्हणजे नेहमीचा. एवढं मोठं नाव आणि अर्थ असा: बराच काळ कोरडी राहणारी, अर्धी घडलेली, साधी माती. ज्या मधल्या तपकिरी थराचं मी वर सांगितलं, तो कॅम्बिक निघाला तर हे नाव. त्याच्याखाली पंधरा सेंटिमीटर जाड आणि पंधरा टक्क्यांवर चुन्याचा साठा निघाला तर कॅल्सियुस्टेप्ट. मधला थर नाहीच आणि वीतभर मातीखाली टणक कातळ लागला तर लिथिक उस्टॉर्थेंट. मात्र मुरूम म्हणजे कातळ नव्हे, हे आटपाडीच्या म्हातारबुवांनी मला शिकवलं ते विसरू नका. पन्नास सेंटिमीटरच्या आत खरा खडक असेल तरच लिथिक. ओढ्याच्या अंगाच्या खड्ड्यात तळाशी भेगा आणि घासून चकाकलेले पृष्ठभाग दिसले तर व्हर्टिक, म्हणजे काळ्या भारी जमिनीचा नातेवाईक.

याच्या पुढे ‘फॅमिली’ लिहितात, आणि तिथं पोत येतो, तोही वरच्या वीतभराचा नाही. खोल मातीत पंचवीस ते शंभर सेंटिमीटरचा. १८ ते ३५ टक्के चिकण असेल तर ‘फाइन-लोमी’. म्हणजे प्रयोगशाळेचे २३ खरे असोत की माझ्या बाटलीचे तीस, घर एकच. मघाशी म्हटलं ते हेच. खडे आकारमानाने ३५ टक्क्यांवर गेले तर मात्र ‘स्केलेटल’, सांगाड्याची माती. तुमचे वरच्या थरातले खडे वजनाने २५ टक्के आहेत, आकारमानाने त्याहून कमी भरतील. पण माळावर खाली जाल तसे खडे वाढतात.

नावावरून आता पाण्याकडे येते, कारण डाळिंब की कुरण हे त्यावरच ठरणार. लोम किंवा चिकण-लोम माती आकारमानाच्या साधारण पंधरा टक्के पाणी झाडाला देऊ शकते. पंचेचाळीस सेंटिमीटर खोली धरली तर ६७ मिलिमीटर. त्यातले खडे वजा करा, पंचावन्न-साठ उरतं. सप्टेंबरच्या उन्हात, भरलेलं हिरवं रान दिवसाला पाच मिलिमीटर पाणी उडवतं. म्हणजे पावसाने पाठ फिरवली की अकरा-बारा दिवसांत कोठार रिकामं. गवताला हे चालतं. मारवेल, पवन्या, डोंगरी ही गवतं पाणी संपलं की वाळून उभी राहतात आणि पुढच्या सरीला बुडातून फुटतात. डाळिंबाच्या झाडाला तसं करता येत नाही.

माळाची तब्येत बघायला प्रयोगशाळा लागत नाही. ऑक्टोबरमध्ये चालत जा. मारवेल आणि पवन्या दिसले तर माती शाबूत आहे. नुसती कुसळी दिसली तर चराई जास्त झाली आहे. चुलत्यांना विचारा, लोकरीत किती कुसळं अडकतात. आणि मोकळ्या जमिनीत जागोजागी तरवड उभा असेल तर समजा की वरचा थर धुपून गेला आहे, कारण तरवडाला मेंढरू तोंड लावत नाही म्हणून तो उरतो. उघड्या लोम जमिनीत पाणी तासाला पाच-दहा मिलिमीटरच मुरतं. माणला वळवाची सर येते ती त्याहून किती तरी जोराची. बाकीचं ओघळीने जातं, वरची माती घेऊन. गवत असलं की हेच मुरणं कित्येक पटीने वाढतं.

माझं मत विचाराल तर अकरा एकर सरसकट नांगरू नका. जमिनीच्या वापराचे जे आठ वर्ग मानतात, त्यातला वरचा उताराचा भाग बहुधा सहाव्यात जाईल, म्हणजे चराईचा. तो चुलत्यांच्या मेंढरांना राहू दे, पण आळीपाळीने, एक हिस्सा पावसाळाभर बंद ठेवून. चुलते आधी कुरकुर करतील. डाळिंब लावायचंच असेल तर खालच्या अंगाला, जिथं खड्ड्यात साठ सेंटिमीटर तरी मोकळी माती आणि त्याखाली मऊ मुरूम निघेल तिथं, दोन-तीन एकर. सांगोला-आटपाडीत डाळिंब मुरमाड, चुनखडीच्या जमिनीवरच उभं राहिलं, त्याला हलकी जमीन चालते. त्याला चालत नाही ते तुंबलेलं पाणी. चुन्याचा थर चाळीस सेंटिमीटरवर सिमेंटसारखा घट्ट निघाला तर ठिबकचं पाणी त्यावर साचेल आणि मर रोग बाग खाईल. चाकूचं टोक त्या थरात शिरतं का बघा. पहार लागली तर तिथं बाग नको. आणि उरमोडी किंवा टेंभूचं पाणी तुमच्या शिवारापर्यंत खरंच येतं का, उन्हाळ्यात येतं का, हे मातीच्याही आधी विचारा.

खड्डे मेमध्ये, वळवाच्या आधी खणा. माती कोरडी असली की थर स्पष्ट सुटतात. खणताना वरची माती एका बाजूला आणि खालची दुसऱ्या बाजूला टाका, बुजवताना त्याच क्रमाने भरा, नाहीतर तेवढ्या जागेत गवत लवकर येत नाही. फोटो आणि पिशव्या घेऊन या, ठाणे स्टेशनपासून माझं घर चालत पंधरा मिनिटं आहे. आणि खड्डा रात्रभर उघडा राहणार असेल तर भोवती बोरीच्या काट्या लावा. एकदा माझ्या खड्ड्यात रात्री मेंढरू पडलं होतं, पाय मोडला नाही एवढंच. सकाळी त्याच्या धन्याने मला जे सुनावलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.